राजवाड्याच्या वाटेवरचे सोयरे

अभिमन नाना मला भेटण्याच्या आधी त्यांचा आवाज येऊन भेटून गेला. जळगावला पिंप्राळ्यात राहायला आल्यावरचा माझा पहिलाच रविवार होता. मी आरशासमोर दाढी करत होतो आणि एकाएकी आकाशातून हुकूम आला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” मी लक्ष दिलं. न देऊन सांगतो कुणाला? ब्लेड गालावरून निघालं ते कानापाशी जाऊन थांबलं. समोरच्या घरातली कुकरची शिट्टी अर्ध्यावर गप्प झाली. मेहरूण तलावावरचे बगळे त्या आवाजाने जे उठले ते सरळ भुसावळच्या दिशेने गेले, आणि अजून परतलेले नाहीत असं म्हणतात.

“डाव्या भिंतीला लागलेलं,” आवाज पुढे म्हणाला, “राणीसाहेबांचं, तैलचित्र. त्याच्या शेजारी तलवारी. पाहताना ढकलाढकली करू नये.”

तोंडाला फेस तसाच ठेवून मी दोन गल्ल्या ओलांडून त्या घरात पोचलो. बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची मंडळी अनवाणी, हात मागे बांधून उभी होती. भिंतीवर चौकटीत बसवलेली चित्रं, चित्रांपुढे ओढलेली सुंभाची दोरी, आणि दोरीपुढे उघडी छत्री भाल्यासारखी उंच धरून एक भरदार मिशांचे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गालावर रक्त होतं, फेस होता, खांद्यावर टॉवेल होता. त्यांना त्यातलं काहीच खटकलं नाही.

“उशीर झाला तुम्हाला,” ते म्हणाले. “शेवटी उभे राहा. चित्राला हात लावायचा नाही.”

हे अभिमन पुना देवरे. धुळ्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी सगळी नोकरी केली ती ध्वनिक्षेपकासमोर. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडून सुटल्या. पण त्यांचं एक दुःख होतं. इतकी वर्षं बोलून त्यांचं कुणी ऐकलं नाही. नाना फलाट सांगायचे आणि माणसं चौकशीच्या खिडकीत येऊन विचारायची, “भाऊ, शिरपूर गाडी कोठे लागस?”

एकदा कर्मचाऱ्यांच्या एका वऱ्हाडाबरोबर ते बडोद्याला गेले. वऱ्हाडाची गाडी राजवाड्याच्या फाटकाबाहेर पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत नाना फाटकाशी उभे होते, आणि आतून एक वाटाड्या पाहुण्यांचा जथा घेऊन बाहेर आला. तो बारीक अंगाचा मनुष्य अगदी हळू बोलत होता, आणि माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत, एकही शब्द सांडू न देता, त्याच्यामागे चालत होती. नानांनी ते पाहिलं आणि गाडीत येऊन बसले ते धुळ्यापर्यंत बोलले नाहीत. झुंबरबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजून सांगतात की त्यांच्या संसारातला तो सगळ्यात शांत प्रवास होता.

निवृत्त झाल्यावर नाना जळगावला पिंप्राळ्यात आले आणि त्यांनी आपली इच्छा जाहीर केली. बडोद्याचा राजवाडा आणि तिथलं चित्रसंग्रहालय आपल्या माणसांना दाखवायचं. नुसतं नेऊन सोडायचं नाही, एकेका चित्रापुढे उभं करून सांगायचं. त्यांनी कुठून कुठून पुस्तकं मिळवली, राजघराण्याची वंशावळ पाठ केली. फ्रेम करणाऱ्या मुख्तारभाईंकडून छापील चित्रांना सोनेरी चौकटी करून घेतल्या, आणि दर रविवारी तालीम सुरू केली. तालमीला गर्दी व्हायची. तालमीनंतर झुंबरबाई भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी वाढायच्या, त्याचा या गर्दीशी संबंध आहे असं नानांना कधीच वाटलं नाही.

पहिली सहल बसने निघाली. नानांनी आखणी अशी केली होती की ती पाहून रेल्वेलाही लाज वाटावी. पहाटे पिंप्राळा, दुपारी सुरत, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याचं फाटक उघडताना आपण दारात. फक्त एक गोष्ट आखणीत नव्हती. बसमध्ये खानदेशी माणसं बसली होती आणि बस खानदेशातून जाणार होती.

एरंडोलला रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ हातात किटली घेऊन उभे होते. ते बसमधल्या भिकनभाऊंचे साडू. पारोळ्याला कुणाचे तरी व्याही पोह्यांचं पातेलं घेऊन उभे. आपल्या गावावरून सोयरा जातो आणि चहा न घेता जातो, ही गोष्ट आमच्याकडे पुढच्या पिढीच्या लग्नातसुद्धा काढली जाते. एरंडोलपासून नाना एकच सांगत होते, धुळ्यात तर त्यांनी खिडकीतून हात जोडले, “भाऊ, राजवाडा बंद होईल.”

यजमान शांतपणे म्हणाले, “राजवाडा तं तठेच शे, नाना. तो काय पळी जाई ऱ्हायना का? पह्यले जेवाले चला.”

साक्रीला पापड मिळाले. नवापूरला मुख्तारभाईंच्या सासुरवाडीने बिर्याणीचा हंडा बसमध्येच चढवला, आणि त्यांच्या पत्नी नूरबीभाभींच्या भावाने तो रिकामा झाल्याशिवाय ड्रायव्हरला चावी दिली नाही. उरलेली आखणी सुरतेत बुडाली. सुरतेत उधना आणि लिंबायत भागात आमचा अर्धा खानदेश राहतो. बस तिथे पोचली तेव्हा रस्त्यावर जे लोक उभे होते त्यांना पाहून ड्रायव्हरला वाटलं दंगल आहे. ते सगळे सोयरे होते. मंडळी घरोघर वाटली गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती गोळा करता करता दुपार टळली. बडोद्याला नाना पोचले तेव्हा पहारेकरी फाटकाला कुलूप लावत होता. नानांनी बाहेरूनच घुमटाकडे छत्री करून दोन वाक्यं म्हटली. ती ऐकायला पहारेकरी एकटाच होता. बाकीचे सगळे बसमध्ये घोरत होते.

दुसऱ्या वेळी नानांनी रेल्वे धरली. “बस थांबवता येते. गाडी कोण थांबवतं बघू,” असं ते मला म्हणाले. गाडी खरोखर कुणी थांबवली नाही. अमळनेरला डबे खिडकीतून आत आले, नंदुरबारला मिरच्यांची पिशवी आली, आणि उधन्याला गाडी थांबताच फलाटावरच्या सोयऱ्यांनी माणसंच खिडकीतून बाहेर काढून घेतली. बडोद्याच्या फलाटावर नाना, झुंबरबाई आणि छत्री एवढेच उतरले. समोर एकही श्रोता नसताना आत जाऊन करायचं काय? नाना फाटकापासून परत फिरले.

“निदान आपण दोघं तरी पाहून घेतलं असतं,” झुंबरबाई म्हणाल्या.

“तुला रोज सांगतोच ना घरी,” नाना म्हणाले.

“म्हणून तर म्हणते. खरं किती ते कळलं असतं.”

तिसऱ्या सहलीला नानांनी सक्त नियम केला. ज्यांचं सुरतेत आणि वाटेवर कुणी नाही, त्यांनाच घ्यायचं. तो सगळा उन्हाळा त्यांनी मुलाखती घेतल्या. अंगणात खुर्ची टाकून ते एकेकाला विचारायचे, “उधन्याला कोण?”

“कोणी नाही, नाना.”

“लिंबायतला?”

“कोणी नाही.”

“आईची शपथ?”

“चुलत मावसभाऊ आहे एक.”

“जा घरी.”

सुरतेत सोयरा नसलेला खानदेशी माणूस शोधणं म्हणजे शेव नसलेली शेवभाजी शोधण्यासारखं. शेवटी नानांना एक वाट सापडली. सोयरे असले तरी चालतील, पण त्यांच्याशी बोलणं बंद असलं पाहिजे. या एका गुणावर माझी निवड झाली, माझं सुरतेचं सगळं आजोळ माझ्यावर रुसलेलं आहे. भिकनभाऊंचं शेताच्या बांधावरून साऱ्या भावकीशी भांडण होतं. मुख्तारभाईंनी नवापूरच्या मेव्हण्याशी बोलणं सोडल्याचं सांगितलं, ते खरं होतं की सहलीपुरतं होतं हे नूरबीभाभींनाच माहीत. असे आम्ही सगळे भांडकुदळ निवडून एका डब्यात बसलो. नानांनी ताकीद दिली की कुणालाही फोन करायचा नाही, मोबाईलवर फोटो टाकायचा नाही, आणि उधना आलं की खिडक्या लावून घ्यायच्या.

उधना आलं. आम्ही खिडक्या लावल्या. बाहेर फलाटावर चहावाले ओरडत होते आणि आत आम्ही फरार गुन्हेगारांसारखे गुडघ्यात मान घालून बसलो होतो. भिकनभाऊ हळूच म्हणाले, “नाना, चहावाला तरी सोयरा नसेल ना?”

“आवाज नाही,” नाना म्हणाले.

गाडी हलली. नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी कुठल्याही देवळात पाहिलेलं नाही. बडोद्यापर्यंत ते डोळे मिटून ओठ हलवत होते. हळू बोलण्याची सवय करत होते. त्या बारीक अंगाच्या वाटाड्यासारखं हळू.

सकाळी आम्ही फाटकापाशी पोचलो. फाटक उघडं होतं. तिकिटं निघाली. नानांनी छत्री उघडली, वर धरली, आणि खरोखर हळू आवाजात म्हणाले, “मंडळी, माझ्यामागे या.” आम्ही सगळे निघालो. एकही जण दुसरीकडे पाहत नव्हता. एवढी माणसं आपलं ऐकून चालतायत हे नानांनी एकदा वळून पाहिलं, आणि छत्री आणखी वीतभर उंच धरली.

तेवढ्यात मागून हाक आली, “व्याहीबुवा.”

फाटकाशी फेटा बांधलेले एक गृहस्थ उभे होते. एका हातात हार, दुसऱ्या हातात नारळ, मागे मोटार. नानांची धाकटी मुलगी सारिका, तिचं लग्न त्याच महिन्यात शिरपूरला ठरलं होतं. हे रुपचंदमामा, मुलाचे थोरले मामा, कामधंद्यानिमित्त बडोद्यातच राहणारे. आम्ही कुणी फोन केला नव्हता. नानांनी झुंबरबाईंकडे पाहिलं.

“मी काही येण्याचं आमंत्रण दिलं नाही,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “विहीणबाईंना फक्त सांगितलं, बडोद्याला जातोय म्हणून. मुलाचा मामा ज्या गावात राहतो त्या गावाला न सांगता जायचं? उद्या पोरीला टोमणे कोण खाणार, तुमचं चित्र?”

रुपचंदमामांनी हार घातला. घरी पहाटेपासून खापरावरचे मांडे चालले होते, आमरस काढून ठेवला होता, भावकी बोलावलेली होती. मांडे गरम खायचे असतात. नाना म्हणाले, “मामा, आम्ही इथून पाहून झालं की लगेच येतो.”

“राजवाडा तं तठेच शे, व्याही,” रुपचंदमामा हसून म्हणाले. “मांडा गार व्हयी जाई.”

नाना फाटकाकडे पाहत उभे राहिले. त्यांनी किती जणांना अंगणातून परत पाठवलं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भिकनभाऊंना राहवलं नाही. “नाना, माझे साडू किटली घेऊन उभे होते तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?”

“तुझे साडू होते,” नाना म्हणाले. “हे सारिकाच्या सासरचे.”

झुंबरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “पोरना मामा शे.”

नानांनी छत्री मिटली. ती त्यांनी भिकनभाऊंच्या हातात दिली आणि ते झुंबरबाईंसह मोटारीत बसले. जाताना खिडकीतून म्हणाले, “तिकिटं वाया घालवू नका. डाव्या भिंतीपासून सुरू करा.”

मग आम्ही आत गेलो. दारात आम्हाला चित्रांची माहिती सांगणारी, कानाला लावायची यंत्रं मिळाली. यंत्र अतिशय शुद्ध बोलत होतं. आम्ही सगळं पाहिलं. कुणी ढकलाढकली केली नाही, कुणी चित्राला हात लावला नाही. दिवाणखान्यात जाऊन मुख्तारभाई चित्रांकडे न पाहता चौकटींकडेच पाहत राहिले आणि नूरबीभाभींनी त्यांना दोनदा हाताला धरून पुढे ओढलं.

संध्याकाळी स्टेशनवर नाना आले. पोट भरलेलं, कपाळाला टिळा, हातात मांड्यांचा डबा, आणि अंगावर आहेराचा टॉवेल. फलाटाच्या बाकावर बसून त्यांनी आम्हाला एकेकाला विचारायला सुरुवात केली.

“राणीसाहेबांचं चित्र डावीकडेच आहे ना?”

“असेल,” भिकनभाऊ म्हणाले. “यंत्र काही डावं उजवं म्हणालं नाही. ते चित्राचा आकडा म्हणतं.”

“हातात फूल आहे?”

“फूल की रुमाल, काहीतरी आहे बुवा.”

“साडीचा काठ कसला?”

भिकनभाऊंनी मुख्तारभाईंकडे पाहिलं. मुख्तारभाई म्हणाले, “नाना, चौकट सागवानी आहे. त्यावर सोन्याचं पाणी. आपल्या घरच्यासारखी नाही, पण आपण वाईट केलेली नाही.”

“म्हणजे चित्र पाहिलंच नाहीत,” नाना म्हणाले.

“पाहिलं की,” भिकनभाऊ म्हणाले. “पण ते यंत्र नुसतं बोलत राहतं. विचारलं तर उत्तर देत नाही. तुम्ही असता तर रागावला तरी असता.”

तेवढ्यात फलाटावर घोषणा झाली, आमची गाडी उशिरा येणार होती. नानांनी ती शेवटपर्यंत नीट ऐकली. फलाटावर दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

सारिकाचं लग्न शिरपूरला झालं, चांगलं झालं. त्यानंतर नानांनी सहल काढली नाही. बडोद्याला ते वर्षातून दोनदा जातात. रुपचंदमामांकडे जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. राजवाडा त्यांनी आतून पाहिलेला नाही.