बर्गरच्या वाडग्यावरची फोडणी

लेट्यूसचा गड्डा पिशवीत घालून जिना चढत होते तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. सकाळी वजनकाट्यावर उभी राहिले तर काटा जिथल्या तिथे. मागच्या आठवड्यातही तिथेच, त्याच्या आधीही तिथेच. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक नाकारायचा, समोसे नाकारायचे, पहाटे उठून मैदानाला चकरा मारायच्या, आणि हा काटा मात्र हलायला तयार नाही. नुसतं बारीक दिसण्यासाठी हे सगळं चाललं असतं तर मी तो काटा कधीच भंगारवाल्याला देऊन टाकला असता.

पण हे दिसण्यासाठी नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचं लिव्हर निकामी होत चाललं होतं आणि त्याला माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचा होता. वडील नाहीत, आईचं वय झालेलं, देऊ शकणारी मी एकटी. सगळ्या तपासण्या सुरळीत झाल्या आणि शेवटी एका ठिकाणी गाडी अडली. माझ्या लिव्हरवर चरबी होती. डॉक्टर म्हणाले, ही उतरली तरच पुढे जाऊ, नाहीतर तुम्हालाही धोका आणि त्यालाही. तेल, तूप, साखर बंद करा, चाला, मग पुन्हा तपासू. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुही जीभ मले मारनार पाह्य." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि हसले. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

तो आणि आई कामठीला राहायचे. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, म्हणून दोघांनाही मी माझ्याकडे आणलं होतं. नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला, तो शनिवारी यायचा. त्यानं संमतीच्या कागदावर सही केली होती, पण तेव्हापासून फोनवर फार बोलत नव्हता. म्हणजे आठवडाभर आम्ही तिघंच. आईनं आल्या दिवशीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी माझा डबा तीच भरायची. मी तिला बजावून सांगितलं होतं, माझ्या भाजीला चमचाभर तेल, त्याच्या वर थेंब नको. ती मान डोलवायची. तिच्या हातच्या भाकरी त्या दिवसांत फार मऊ होत होत्या. दुपारी डबा उघडला तरी घडी मोडायची नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी कौतुकानं सांगितलंही होतं, आमच्या आईच्या हाताला काही वेगळंच आहे.

बर्गरचा वाडगा ही भावाची फर्माईश. मोबाइलवर त्यानं कुठेतरी पाहिलं होतं की बर्गरच्या आतलं सगळं घ्यायचं आणि पाव सोडून द्यायचा. मी कॉलेजात असताना आणि तो शाळेत असताना आम्ही सदर भागातल्या एका गाडीवर बर्गर खायचो. दोघांत एक. स्कूटरवर बसून मी त्याचे दोन भाग करायचे, वरचा माझा आणि खालचा त्याचा, कारण सगळा रस खालच्या पावात मुरतो असं त्याचं म्हणणं होतं. आता त्याला मीठ जवळजवळ बंद, तेलही बेतानंच, आणि मला तेल बंद. दोघांनी मिळून खाता येईल असं जगात फार थोडं उरलं होतं. म्हणून त्या बुधवारी मी ऑफिसातून येताना गोकुळपेठेच्या बाजारात उतरले आणि लेट्यूस, काकड्या, टमाटर आणि चिकनचा खिमा घेऊन आले.

तो स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. डोळे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. अंगाला खाज सुटायची म्हणून हातात कायम एक ओला रुमाल. आईची संध्याकाळची वंदना होऊन गेली होती, पुढच्या खोलीत मेणबत्ती अजून जळत होती, आणि ती ओट्याच्या कडेला टेकून मी काय करते ते बघत होती.

मी काकडीच्या पातळ चकत्या करून सिरक्यात टाकल्या. नॉनस्टिक तवा चांगला तापवून त्यावर खिमा कोरडाच पसरला, मिरपूड आणि लसूण घातला आणि उलथण्यानं दाबून ठेवला, म्हणजे खालून खरपूस होतो. भावाचा खिमा अगोदर काढून घेतला, माझ्या वाट्याच्या खिम्यात मग मीठ टाकलं. दह्याचं पाणी गाळून त्यात मोहरीची पूड, टमाटरचा थोडा रस आणि भिवापुरी मिरचीचं तिखट घोटलं.

"फेस आणून राह्यली का दह्याले?" भाऊ म्हणाला.

"सॉस हाय तो. बस चुपचाप."

"अन हे गवत?"

"हे गवत तूच सांगतलं."

शेवटी पांढरे तीळ भाजले. पाव नसला तरी पावावरचे तीळ तरी असावेत. वाडग्यात लेट्यूस फाडून घातलं, त्यावर टमाटर, कांद्याच्या रिंगा, काकडी, गरम खिमा, वरून सॉस आणि तीळ. दोन वाडगे दिसायला खरोखर छान झाले होते. भावानं मान लांब करून वास घेतला. त्याला वास घ्यावासा वाटला हेच मला खूप होतं.

आई म्हणाली, "हे असंच खाचं?"

"असंच."

"वरून काही नाई?"

"नाई."

आमच्याकडे वरून तेल पडल्याशिवाय ताट वाढलं असं कुणी म्हणत नाही. गोळाभात असो, पातोडी असो की साधं झुणका-भाकर, मोहरी, हिंग आणि लाल मिरच्या तडतडवलेलं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल वाटीत बाजूला असतंच, आणि वाढणारी बाई नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही ते ओततेच. नको म्हणणं हा उपचार आणि ओतणं हा मान. आईनं आयुष्यात कुणाला कोरडं वाढलं नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. प्रत्यारोपणाचं काम बघणारी मुलगी होती. भावाचे सकाळचे रिपोर्ट बरे नाहीत, म्हणून माझी पुढच्या महिन्यातली तपासणी आता या सोमवारीच घेणार होते. चरबी उतरलेली दिसली तर लगेच तारीख देऊ, असं ती म्हणाली. आणि नसेल उतरली तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, मॅडम, मग डॉक्टर तुमच्याशी बोलतील. माझा आवाज फोनवर मोठा होतो. सोमवारी, सोमवारीच ना, असं मी दोनदा विचारलं ते घरभर ऐकू गेलं असणार.

मी गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर नेहमीसारखी रहदारी होती. चार दिवसांत काटा काय हलणार? नवऱ्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. दाराच्या चौकटीला डोकं टेकवून उभी होते, तर आतून वास आला.

मोहरीचा, हिंगाचा, करपू घातलेल्या मिरचीचा.

मी धावतच आत गेले. आईच्या हातात फोडणीचं छोटं कढलं होतं, रिकामं. माझ्या वाडग्यातलं लेट्यूस गरम तेलानं मिटून काळपट पडलं होतं, सॉस फाटला होता, आणि बुडाशी लाल तेलाचं तळं साचलं होतं. भाऊ स्टुलावरून अर्धवट उठून तसाच थांबलेला.

"हे काय केलं तू?"

"कोरडं होतं वं."

"आई, तुले किती डाव सांगतलं. किती डाव."

"कोरडा घास घशाखाली उतरत नाई."

मी ओट्यावर हात आपटला तसे तिळाचे दाणे उडाले. मला ओरडायचं होतं आणि त्याच्यासमोर ओरडायचं नव्हतं. तेवढ्यात माझी नजर त्याच्या वाडग्यावर गेली. तो तसाच होता, मी सोडून गेले तसा. त्यावर तेलाचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी त्याला सांगितलेलं पथ्य तिनं काटेकोर पाळलं होतं.

"त्याच्यात काहून नाई टाकलं मंग?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि मला एकदम डब्यातली ती मऊ भाकर आठवली.

"भाकरीले बी लावत होती का तू?"

"लावत होती."

"भाजीत?"

"भाजीत बी. थोडं थोडं."

मी फ्रिजला धरून उभी राहिले. एवढे आठवडे मी मैदानाला चकरा मारत होते आणि स्वतःच्या शरीराला शिव्या देत होते. "आई, तुले मालूम हाय ना," मी म्हटलं, "हे तेल माह्या पोटात गेलं त डॉक्टर मले वापस पाठवन. मंग याचं काय? मालूम हाय का नाई?"

"मालूम हाय," आई म्हणाली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, मला काय कळतं, मी अडाणी बाई. तेच ऐकायची मी तयारी केली होती. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं.

"सगळं मालूम हाय मले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर सांगून राह्यला तवा मी तिथंच बसली होती. याले पायते त वाटते, आजच्या आज कापा तिले, पन माहं लेकरू उठवा. अन तुले झोपलेली पायते त हात तेलाच्या डब्याकडे जाते. मले सांग, मी कोनाची माय होऊ?"

मेणबत्तीचा वास आणि फोडणीचा वास घरात एकमेकांत मिसळले होते. भाऊ हळूहळू उठला. भिंतीला धरत टेबलापर्यंत आला, तेलानं भरलेला तो वाडगा त्यानं उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"खा, ताई," तो म्हणाला. "मस्त दिसून राह्यलं. खाऊन टाक."

तो काय म्हणत होता ते मला समजलं, आणि आईलाही समजलं. ती तोंडाला पदर लावून खाली बसली.

मी खोटं लिहिणार नाही. मी त्या वाडग्याकडे पाहिलं आणि मला तो खावासा वाटला. तेलासाठी नाही. तो खाल्ला, उद्याचा डबा खाल्ला, परवाचा खाल्ला, तर सोमवारी डॉक्टर मान हलवतील आणि कुणी मला बोल लावणार नाही. मी तर सगळं केलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर उजव्या बरगडीखाली हात ठेवून मी जी जागा चाचपायची, ती तशीच राहील. इतकी भीती मला वाटत होती हे त्या वाडग्यासमोर उभं राहीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. आणि समोर तो उभा होता, पिवळ्या डोळ्यांचा, ओला रुमाल मुठीत धरून, आणि मी घास घ्यावा म्हणून खरोखर वाट बघत होता. मला त्याचा संताप आला. मरणाच्या दारात उभा राहून हा मला सूट देत होता.

"बस खाली," मी म्हटलं. "शहाना नको बनू."

त्याचा वाडगा मी टेबलाच्या मध्यावर ओढला. दोन चमचे आणले. "वरचं माहं, खालचं तुह्यं," मी म्हटलं. त्याला हसू आलं आणि मग डोळे भरून आले, ते त्यानं रुमालानं पुसले. आम्ही दोघं एकाच वाडग्यातून खाऊ लागलो. मीठ नसलेला खिमा अगदी मिळमिळीत लागत होता, सिरक्यातली काकडीच काय ती चवीला होती. मी वरचं लेट्यूस खाल्लं, टमाटर खाल्ले. खाली सॉस मुरला होता, तो त्याला सोडला. त्यानं त्या दिवसांतल्या मानानं बरंच खाल्लं.

आई जमिनीवरून उठली. तेलाचा तो वाडगा तिनं स्वतःकडे घेतला, टोपलीतली एक भाकर काढली आणि आमच्या शेजारी बसून ते मिटलेलं लेट्यूस, तो फाटलेला सॉस, सगळं भाकरीशी खाऊन संपवलं. अन्न टाकायचं नाही हा तिचा नेम. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. कढलं मीच घासलं.

सकाळी ती माझ्या आधी उठलेली होती. डबा ओट्यावर नेहमीसारखा भरून, फडक्यात बांधून ठेवलेला. मी निघताना ती भावाच्या गोळ्या काढत बसली होती, मागे वळली नाही. मीही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

दुपारी ऑफिसात डबा उघडला. शेजारच्या बाईनं सवयीनं वाकून पाहिलं. भाजी उकडलेली, पांढरट. भाकर उचलली तर ती लवली नाही. घडी घालायला गेले तर मधोमध मोडली आणि तिचा चुरा टेबलावर पडला.

"आज काय झालं आईच्या हाताला?" बाई म्हणाली.

रात्री कधीतरी, आम्ही दोघं झोपलेले असताना, आईनं ठरवलं होतं. मी त्या भाकरीचे तुकडे एक एक करून पाण्यासोबत खाल्ले आणि टेबलावरचा चुराही बोटानं गोळा करून तोंडात टाकला.