किसनचा बैल

मंडळी, आज सकाळी नातीनं साध्या खेळात मला हरवलं. तेव्हापासून कशात मन लागत नाही.

सायली दौंडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. म्हणाली, "आबा, ही दहा चॉकलेटं. वाटणी तुम्ही करायची. मला पटली तर ठीक, नाही पटली तर दोघांनाही काही नाही." मी हसत नऊ घेतली, तिला एक दिलं. काहीच नाही त्यापेक्षा एक बरं, असं मला वाटलं.

"नको मला. आता तुम्हालाही नाही!" तिनं सगळी उचलली. "वर्गातही बहुतेकांनी हेच केलं, आबा. अपमान झाला की माणूस फायदा बघत नाही."

हे मी त्र्याहत्तर साली आमच्या गावी, निमोण्यात शिकायला हवं होतं. माझा एक बैल, शेजारच्या किसनचा एक. दोघांची जोडी जुंपून आम्ही सावडीनं, म्हणजे एकमेकांची रानं मिळून, पेरायचो. त्या साली रानातली ओल जेमतेम चार दिवस टिकणार होती. पेरणीची पाभर माझी, म्हणून मी ताठ्यात म्हणालो, "पहिलं तीन दिवस माझं, चवथा तुझा."

"माझा बैल काय फुकटचा हाय व्हय? माझं पडीक ऱ्हाऊ दे, पर तुझंबी न्हाई पेरायचं," म्हणत किसन बैल घेऊन गेला.

जातोय कुठं, येईल उद्या, असं मला वाटलं. तो आला नाही, मीही गेलो नाही. दोन्ही रानं तशीच वाळली.

त्यानंतर त्याच्या दारात पाऊल टाकलं ते गेल्या वर्षी, त्याला खांदा द्यायला.

"दोन दिवस तुझं, दोन माझं" एवढं म्हणायला काय लागत होतं हो?