ओला जिना

मनोऱ्यावरचं घड्याळ कधीमधी चुकायचं, मावशींचा झाडू कधी चुकला नाही. सव्वीस वर्षं, एकशे बारा पायऱ्या, रोज वरून खाली. आता मनोऱ्याला तडे गेले होते आणि सोमवारपासून तो उतरवायला घेणार होते. निदान त्याचं हुबेहूब रूप जपावं म्हणून आदल्या शनिवारी एक मुलगी लेझरचं यंत्र घेऊन यायची होती. पाहुणे यायचे म्हटल्यावर मावशी गप्प बसतात होय? सकाळी सातलाच त्यांनी बादल्या ओतून अख्खा जिना धुऊन काढला.

मुलीने आल्या आल्या कपाळाला हात लावला.

"मावशी, हे काय करून ठेवलंत! ओल्या दगडावरून किरण भलतीकडेच जातात. पायरीच्या जागी नुसती भोकं येतील."

"अगं, फोटोत स्वच्छ दिसायला नको?"

"फोटो नाही हो हा! किरणांनी घेतलेलं माप आहे. आणि चारला दाराला कुलूप लागणार. ओलं राहील तेवढं गेलं म्हणून समजा."

आपल्याच हाताने आपण जिना घालवला! मावशींनी सुनेला फोन लावला, "घरातल्या सगळ्या जुन्या चादरी घेऊन ये."

सासू वरून, सून खालून, दोघी पुसत निघाल्या.

"आई, घरची फरशी पुसताना तुमचे गुडघे दुखतात ना?" सुनेने खालून विचारलं.

"इथे नाही दुखत. तू हात चालव."

तीनला शेवटची पायरी कोरडी झाली. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं यंत्र धरून मुलगी चढली, उतरली. मावशी दमून मध्येच टेकल्या होत्या, त्यांना वळसा घालून.

खाली तिने संगणक उघडला. काळ्या पडद्यावर ठिपके उमटले, लाखो, आणि बघता बघता त्यांचा मनोरा झाला. तिने भिंत बाजूला केली तसा आतला जिना शंखाच्या पोटासारखा वळत वर गेला. सव्वीस वर्षं मावशी ह्याच्या आत वावरल्या, पण असा अख्खा तो त्यांना कधी दिसलाच नव्हता. पायरीन् पायरी मधोमध झिजलेली. केर नेमका तिथेच तर अडायचा.

"एकोणचाळिसावीचा टवका?" त्यांनी हळूच विचारलं.

"हा बघा."

मावशींनी त्या टवक्यावर बोट टेकवलं. मग त्यांचं लक्ष वरच्या एका वळणावर गेलं. पायरीवर ठिपक्यांचा ढीग होता.

"त्या तुम्ही," मुलगी हसली. "माणसं आम्ही नंतर पुसून टाकतो. तुम्हाला ठेवू का?"

"छे गं, पूस! अशी मध्येच बसले तर लोक चढणार कुठून?"

मुलीने पुसलं. मावशी पडद्यावर वाकल्या आणि वाट नीट मोकळी झाली ना, ते पाहत राहिल्या.