सोनाळ्याचा तोटीचा माठ

भुसावळचा उन्हाळा ज्याने एकदा काढला, त्याला नरकाचा धाक घालण्यात अर्थ नाही. म्हणूनच पुणं सोडून मी तिथे मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं आणि देवाच्या दयेने ते चाललंही. यंदा रेल्वेच्या बंगल्यांतून एक नवी मागणी आली. साहेबांच्या मडमांना माठात ओगराळं बुडवलेलं खपेना, त्यांना पितळी तोटीचा माठ हवा होता. असा माठ बाजारात तयार मिळत नाही. आपला नमुना देऊन तो घडवून घ्यावा लागतो. दुसरी वाट सोपी होती. कुंभाराचा रोजचाच माठ घ्यायचा, कच्चा असतानाच त्यावर आपल्या दुकानाचा शिक्का उठवायचा आणि आपला म्हणून विकायचा. सोनाळ्याच्या माठातलं पाणी फार गार राहतं असं एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं, तेव्हा तिथे जाऊनच काय ते ठरवावं म्हणून माघ सरता सरता मी निघालो. पिशवीत तोटी होती आणि शिक्काही होता.

शेगावला उतरलो तर स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग! नागपूरच्या सरकारचा हा मुलूख कापसावरच जगतो. अंगावर, मिशांवर, चहाच्या कपातसुद्धा कापसाचे तंतू. मी रात्र धर्मशाळेत काढली आणि पहाटे बैलांचं खाचर ठरवलं. गाडीवान शेख उस्मान बोलका होता.

"सोनाळ्याले काऊन जाता जी? तिकडं कापूस घ्याले कोनी जात नाई."

"माठ घ्यायला," मी म्हटलं.

तो बैलांकडे बघून हसला. "शेगावात माठ सरले काय?"

पूर्णा ओलांडताना चाक वाळूत रुतलं. उस्मानने मलाही खाली उतरवून खांदा लावायला लावलं. माझी धोतराची ऐट तिथेच गेली. पलीकडे काळी रानं, तुरीच्या तुऱ्हाट्यांचे ढीग आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ती रेघ जवळ येत येत डोंगर झाली तेव्हा दिवस कलला होता आणि सोनाळा आलं होतं. ती रात्र चावडीत झोपलो.

सकाळी किसन कुंभाराच्या घरी गेलो. तिशीचा, हाडकुळा, बोलण्यात अदबशीर माणूस. अंगणाच्या एका कडेला चाक, दुसऱ्या कडेला आवा (भांडी भाजायची भट्टी), आणि मधोमध लिंबाच्या सावलीत बाज (खाट) टाकून त्याचा बाप पडलेला. पावसाळ्यापासून म्हाताऱ्याने अंथरूण धरलं होतं. किसनच्या बायकोने, अनसूयेने, मला न विचारताच ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा पुढे ठेवला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. म्हातारा बाजेवरून म्हणाला, "शेटजीले दही दे वं पोरी, पुन्याची जीभ हाय ते." भुसावळची जीभ पुण्याची कशी ओळखली, देव जाणे.

जेवण झाल्यावर मी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. किसनने शिक्का हातात घेऊन परत ठेवला.

"हे तं कोनीबी करन जी. साधे माठ गावोगावचे कुंभार करते. आज आमच्याकडून घ्यान, उद्या शेगावातून घ्यान. तोटीचं काम भेटलं तं ते आमचंच राहीन. मंग मले कापसाच्या जिनिंगात मजुरीले जा लागनार नाई."

"यानं चाक सोडलं का घरचं चाक बंद," म्हातारा म्हणाला. त्या अंगणात माझ्या शब्दावर काय अवलंबून आहे ते मला चांगलं कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मोठेपणा वाटून मी फुशारलो.

मग मी नमुना दाखवायला उठलो. भाजलेला एक माठ पाण्याने भरून घेतला, बुडापासून चार बोटं वर खिळ्याने टोकरून भोक पाडलं. पाण्याची धार लागली. तोटी बसवण्याआधी मला हे दाखवायचं होतं की माठ उंचावर ठेवला की धार कशी जोरात पडते. उंचावर ठेवायला काही सापडेना म्हणून मी तो सरळ खांद्यावर घेतला. किसनला दाखवला, वळून अनसूयेला दाखवला, आणि म्हातारबांनाही दिसावा म्हणून धार सांडत, "बघा, बघा," करत मी त्यांच्या बाजेभोवती फिरलो.

"खाली ठुवा! खाली ठुवा तो!" अनसूया किंचाळली.

मी थांबलो. किसन पांढराफटक पडला होता. माझा खांदा भिजला होता, पाठीवरून पाणी ओघळत होतं, आणि तो ओलावा मला ओळखीचा वाटला. वडील गेले तेव्हा असाच भोकाचा माठ खांद्यावर घेऊन मी त्यांच्या चितेभोवती फिरलो होतो. आणि आता जित्या माणसाभोवती फिरलो, त्याच्या लेकासमोर, त्याच्या सुनेच्या हातचं खाऊन. लाजेने माझे कान तापले. माठ खाली ठेवताना तो हातातून निसटून फुटला, म्हणजे उरलंसुरलंही पुरं झालं.

"काऊन वरडतं वं?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मी अजून जित्ता आहो."

अनसूया पदराने डोळे पुसत आत गेली. आतून तिचा आवाज आला, "या घरात भोकाचं मडकं होनार नाई." किसन मान खाली घालून खापऱ्या वेचू लागला. मी त्याच्याबरोबर वाकलो, तर तो म्हणाला, "राहू द्या जी."

तेवढ्यात म्हाताऱ्याने मला हाताने जवळ बोलावलं.

"शेटजी, पोराले नका सांगू भोकं पाडाले. मी पाडतो. बसून तं होते मले. मले आता कशाचं भेव? मी तं जाऊनच राह्यलो. किसन घडवन, भोक माह्या हातचं."

किसन हातातल्या खापऱ्यांसकट उभा राहिला. दारात अनसूया आली, पण या वेळी तिने नाही म्हटलं नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी फक्त हो म्हणायचं होतं.

माझी मान वर होईना. तोटीचा माठ दुकानात आला की रोज मला हे अंगण दिसणार, ही बाज दिसणार, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. मी घाईघाईने म्हणालो, "छे छे, तोटीचं राहू द्या. तसं ते फारसं खपणारही नाही. साधेच माठ घेईन, शिक्का मारून."

"बरं जी," म्हातारा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

निघताना अनसूयेने वाटेसाठी भाकरी बांधून दिली. गाडीत उस्मानने विचारलं, "भेटले माठ?" मी "हो" म्हटलं आणि शेगाव येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. भाकरी बैलांना घातली.

आगगाडीत मनाची समजूत घालत होतो की आपण त्या घराची भीती जपली, सुनेचा शब्द राखला. खोटं होतं सगळं. सून दारात गप्प उभी होती, म्हाताऱ्याने वाट काढून दिली होती. मी जपली ती माझी लाज, आणि तिच्यापायी एका कुंभाराला चाकावरून उठवलं.

घरी पोचलो तर बायकोने पाय धुवायला पाणी दिलं आणि उत्सुकतेने विचारलं, "अहो, तोटीच्या माठांचं ठरलं का?"

मी पायांवर पाणी ओतत म्हणालो, "नाही गं. तिकडच्या कुंभारांना ते काम जमत नाही."