न मोजलेली तांबडी

परवा फोनवर धाकटीने तक्रार केली, की तिकडे दही लागत नाही, संध्याकाळी विरजण घातलं तरी सकाळी दूध ते दूधच राहतं. मी तिला नेहमीची कारणं सांगितली: दूध फार गरम असेल, विरजण शिळं असेल, नाहीतर तुमचं घर फार गार असेल. आणखी एक कारण असतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. ते सांगायचं तर गाईपासून सुरुवात करावी लागते. म्हणून लिहिते आहे. तुम्ही दोघा नातवंडांनी वाचा, आणि मराठी वाचायला वेळ लागला तर लागू द्या.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मंचरच्या शाळेतून मी निवृत्त झाले होते आणि इंग्रजीच्या वह्या तपासायची सवय अजून सुटली नव्हती. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मी मनातल्या मनात लाल करत असे. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वस्तीवर राहत. शेती आणि गाई. भाऊजी धारा काढत आणि घर माझ्या थोरल्या जाऊबाई चालवत. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. मी इंग्रजी शिकलेली म्हणून आक्का मला ‘मास्तरीण’ म्हणत. त्यात थोडं कौतुक असे आणि बरीचशी थट्टा.

आक्कांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा वस्तीवरच व्हायचा होता. मुलाकडचे आळेफाट्याचे, त्यांचं हमरस्त्यावर हॉटेल. रोज शेकडो माणसांना जेवू घालणारी मंडळी आपल्याकडे जेवायला येणार, याचं आक्कांना दडपण आलं होतं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की श्रीखंड घरच्या दुधाचं होणार, विकतचा चक्का उंबऱ्याच्या आत येणार नाही.

त्या भागात एक चांगली रीत होती. ज्या घरी कार्य असेल, त्या घरी एक-दोन दिवस आधी वस्तीतलं सगळं दूध जायचं. एरवी संध्याकाळी किटल्या घेऊन डेअरीकडे निघणारी माणसं त्या दिवशी कार्याच्या घराकडे वळायची. पैशाची गोष्ट कुणी काढायचं नाही. आपल्या घरी कार्य निघेल तेव्हा ते दूध परत यायचंच.

मी दोन दिवस आधीच गेले. आक्कांनी मला ओट्यावर वेलदोडे सोलायला बसवलं, आणि तेवढ्यात पशुगणनेचा माणूस आला. तरुण होता, मोटारसायकलवरून आला होता, खांद्याला कागदांची पिशवी. घरोघरी जाऊन जनावरं किती ते लिहून घ्यायचं त्याचं काम. भाऊजी गोठ्यात होते, त्यामुळे तो आक्कांच्या तावडीत सापडला.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. वस्तीवरची माणसं आकड्यांना मुळीच कच्ची नव्हती. आज दुधाला फॅट किती लागली, हे ती दशांशासकट सांगत आणि शेजाऱ्याची किती लागली तेही सांगत. पण गाई किती, असं विचारलं की सगळ्यांना एकदम विसर पडायचा. जनावर मोजून सांगितलं की त्याला दृष्ट लागते. आमच्या घरात तर पुढची पायरी होती: आजारी जनावर बरं होईपर्यंत मोजायचंच नाही. म्हणजे आजारपणाला वाटतं, की इथे कुणी नाहीच.

त्या तरुणाने विचारलं, गाई किती. आक्का म्हणाल्या, असतील चार-पाच. त्याने नम्रपणे विचारलं, चार का पाच. आक्कांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, चार. मला माहीत होतं, पाच आहेत. पाचवी तांबडी, बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली, दोन दिवसांपासून मागच्या पडवीत वेगळी बांधलेली होती, कारण तिची कास सुजली होती. इकडे त्याला दगडी म्हणतात. मी तोंड उघडणार, तर आक्कांनी वेलदोड्यांचं ताट माझ्या मांडीवर नीट सरकवलं, म्हणून मी पुन्हा सोलायला लागले. मग त्याने कोंबड्या विचारल्या. आक्का म्हणाल्या, “उडत्या जिवाचा काय हिशोब सांगू भाऊ? सांजच्याला या, मोजू दोघं.” त्याने काहीतरी लिहिलं. चहा झाला. जाताना आक्कांनी त्याला परवाच्या जेवणाचं आमंत्रणही दिलं.

त्याच संध्याकाळी चार घरांतून दूध आलं, आपलं पाचवं. सगळं एकत्र करून दोन मोठ्या पातेल्यांत तापवलं. विरजण लावायचं काम आक्कांनी सुनेला दिलं.

ही सून घाटघरची. नाणेघाटाच्या अंगाची मुलगी, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. बोलायची कमी, हसायची पटकन. तोपर्यंत त्या घरात विरजणाच्या भांड्याला आक्कांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. दह्याचा त्यांच्याकडे एकच नियम होता: हाताला गुण असेल तर दही लागतं, नसेल तर नाही. इतकं दूध, इतके पाहुणे, आणि त्यातच तिचा हात पारखायचा त्यांनी ठरवलं. तिने कोमट दुधात बोट बुडवून पाहिलं, विरजण घातलं, पातेली झाकली. मी पाहत होते. माझ्या वर्गात असती तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

सकाळी झाकण काढलं तर दूध! वर थोडी साय, खाली पाण्यासारखं, वास गोडसर. दोन्ही पातेली तशीच.

आक्का आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. त्या एवढंच म्हणाल्या, “डोंगराकडं दूधच कुठं असतं म्हना. हाताला सवय न्हाई, तर गुन कुठून येनार.” शेजारच्या एका बाईंनी सुनेला बाजूला घेऊन, पाळी चालू, म्हणजे बाहेरची तर नव्हतीस ना, म्हणून विचारून घेतलं. ती नव्हती. दुसऱ्या बाईंनी घाटघरकडची एक गोष्ट सांगितली, तिचा दह्याशी काही संबंध नव्हता. सून चुलीपाशी उभी होती, हसत नव्हती. मला दिसत होतं, की श्रीखंडाचं काय व्हायचं ते होईल, पण या मुलीच्या नावाला आता जे चिकटेल ते नातवंडं होईपर्यंत निघायचं नाही. पुढे कधी ताक आंबट झालं, खीर करपली, तरी हाच दिवस निघाला असता.

मी म्हटलं, दोन्ही पातेली बिघडली म्हणजे बहुधा दूधच बिघडलेलं आहे. विरजणात जिवंत जंतू असतात, ते दुधाचं दही करतात. गाईला अँटिबायोटिक दिलं की ते तिच्या दुधातही उतरतं. औषधाला चांगले जंतू आणि वाईट जंतू वेगळे ओळखता येत नाहीत, ते दोघांनाही मारतं. थोडं दूध तसलं असलं तरी सगळ्या पातेल्याचं वाटोळं होतं. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि मला ते फार पटलं होतं. वस्तीवर ते कुणाला पटलं नाही. कुणाच्या गाईला इंजेक्शन चालू आहे का, म्हणून विचारलं, तर एकही गाय आजारी निघाली नाही. वस्तीवर तसं कुणी कबूल करतच नाही. आक्का म्हणाल्या, “आमच्या चारी ठनठनीत हायत, मास्तरीणबाई.”

मग मी म्हटलं, सकाळच्या धारेचं दूध मागवा, पण या खेपेला एकत्र करू नका. ज्या घरचं दूध त्या घरच्याच भांड्यात राहू द्या. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं. तेव्हा चिठ्ठ्या लावायचीही गरज नव्हती. आक्कांना शेजाऱ्यांकडे पुन्हा दूध मागणं जड गेलं, पण विकतच्या चक्क्याचं नाव निघताच त्या उठल्या. दूध आलं, तापलं, कोमट झालं. आक्कांनी विरजणाचं भांडं आपल्याकडे ओढलं.

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. “आत्या, मीच लावते. समदी भांडी मीच लावते.”

आक्कांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भांडं सोडलं.

दिवस मे महिन्यातले होते आणि वरून स्लॅबचं घर तापलेलं, त्यामुळे दह्याला रात्रीची वाट पाहायची गरज नव्हती. भांडी माजघरात भिंतीशी ओळीने ठेवली. दुपारी तिकडे कुणी जाऊ नये म्हणून मी दारात वर्तमानपत्र घेऊन बसले, परीक्षेला पहारा करायचे तशीच. तरी प्रत्येक घरची बाई काही ना काही निमित्त काढून डोकावून गेली. एकीने तर सुपलीच मागितली, आणि सुपली तिच्याच हातात होती.

दुपारचा चहा झाल्यावर आक्कांनीच झाकणं काढली. पहिल्या भांड्यात दही, घट्ट. दुसऱ्यात दही. तिसऱ्यात इतकं छान की सुरीने कापावं. ज्या बाईंनी घाटघरची गोष्ट सांगितली होती त्यांचं चौथं. तेही लागलं होतं, आणि त्या मोठ्याने ‘बघा’ म्हणाल्या. पाचवं भांडं राहिलं. त्याच्यावर आक्कांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, रुखवतातलं भांडं. आक्कांनी झाकण उचललं, भांडं थोडं कलतं केलं. दूध इकडून तिकडे हललं.

सुनेने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

ओट्यावर भाऊजी शेंगा फोडत बसले होते. ते खाकरले. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, की तांबडीच्या सडात काल सकाळपासून औषधाची ट्यूब सोडतोय, आळेफाट्याच्या मेडिकलमधून आणलेली. ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध आणू नका असं डेअरीत सांगून ठेवलेलं आहे, एका घरच्या दुधानं सगळ्या टाकीचं नुकसान होतं. म्हणून त्यांनी तिचं दूध डेअरीला नेलं नाही, अगदी प्रामाणिकपणे नेलं नाही. पण एवढं दूध ओतून कसं द्यायचं? घरच्या कार्याला कामी येईल, म्हणून इकडं घातलं.

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी खऱ्या गोंधळाने म्हणाल्या, “पन ती तर आपन मोजलीच न्हाई.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. सुनेला दाबता आलं नाही. मग शेजारणी हसल्या, मग भाऊजी, आणि शेवटी नाइलाजाने आक्काही. भाऊजींनी तेवढ्यात या दुधाची बासुंदी करावी असं सुचवलं. उकळून ते औषध जात नाही, हे मी त्यांना सांगितलं. आक्कांनी ते भांडं आणि रात्रीची दोन्ही पातेली उचलायला लावून उकिरड्याच्या खड्ड्यात रिकामी करवली.

चार घरांचं दही पंच्यांत बांधलं आणि टांगायला जागा पुरेना म्हणून झोपाळ्याच्या कड्यांना टांगलं. सकाळी झोपाळ्यावर बसायला आलेल्या भाऊजींना जागा मिळाली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. चक्का उत्तम झाला. जायफळ मी किसलं.

साखरपुड्याच्या पंगतीत तो गणनेचा तरुणही होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आक्का श्रीखंड वाढत त्याच्यापाशी आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पाच लिवा. एकीला ट्यूब चालू हाय, तेबी लिवा.” तो म्हणाला, पाच करतो, पण ट्यूबला रकाना नाही. आक्कांना सरकारचा हा हलगर्जीपणा मुळीच आवडला नाही. तरी त्यांनी त्याला आणखी एक वाढणी वाढली.

मग बायकांची पंगत बसली. मुलाची आई हॉटेलवाल्या घरातली, जिभेची पक्की. त्यांनी श्रीखंडाचं बोट चाटलं, डोळे मिटले आणि विचारलं, की दही कुणी लावलं होतं. आमच्याकडे इतका माल येतो, पण ही चव नसते. तिथे बसलेल्या प्रत्येकीने मान खाली घातली. सून भाताचं पातेलं घेऊन दारात थांबली होती. आक्कांना सरळ ‘मी’ म्हणता आलं असतं, कुणी खोडून काढलं नसतं.

“आमच्या सुनंनं,” आक्का म्हणाल्या. “लई गुनाचा हात हाय तिचा.”

विहीणबाईंनी निघताना विरजण मागितलं, चमचाभर, हॉटेलात लावून बघायला. आक्का उठल्या नाहीत. खोबऱ्याच्या वाट्या मोजून पिशव्यांत भरता भरता त्यांनी आत वळून हाक मारली, “दे गं यांना, तुझ्या विरजनातलं.”