संपल्याची घंटा

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी वही घेऊन उभा होतो. एकूण तेवीस नग. शिक्षणसंस्थेने माझी बदली जामखेडहून राहात्याला केली होती, दीडशे किलोमीटरवर. वडील ओट्यावरून म्हणाले, "नीट मोज. ऱ्हायलेलं आनून द्यायला कुनी येत न्हाई." तेवीस नग भरले. तरी एक गोष्ट मागे राहिली होती. शाळेच्या कपाटातली प्रयोगाच्या सामानाची पेटी. ती शाळेचीच होती. आदल्या दिवशी मी ती नव्या सरांच्या ताब्यात दिली होती, एकही वस्तू कमी नसताना.

तुम्ही जामखेडला राहिलेले असा किंवा माझ्यासारखे बाहेर पडलेले, त्या पेटीचं खरं मी तुमच्यापैकी कुणालाच सांगितलेलं नाही.

एक्याण्णवच्या जूनमध्ये मी नववीला तंत्र विषय शिकवत होतो. वर्गात एकेचाळीस मुलं, पेटीत प्रयोगाचे सहा संच. टाकी भरली की वाजणारी घंटा करायची असं ठरवलं. शाळेची टाकी टँकरवर चालायची. शालन नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, भरल्याची घंटा आपल्याकडं कदी वाजायची? संपल्याची करा की." वर्ग हसला, मीही हसलो आणि फळ्यावरची आकृती पुसून नवी काढली. शालनने ती वहीत माझ्याआधी पुरी केली.

सहा संचांत एकेचाळीस मुलं म्हणजे एका संचावर सात. सातांतल्या एकाच्या हाती सोल्डरिंगची, म्हणजे डाग द्यायची काडी, बाकीचे सहा बघणार. मला ते पटेना. आणखी सहा संच मागवले. तेवढ्यात रुपया घसरला, बाहेरून येणारे सुटे भाग मिळेनासे झाले. संस्थेच्या ऑफिसातून उत्तर आलं, खरेदी थांबवली आहे. हेडमास्तर म्हणाले, "देशाचं सोनं गहाण पडलंय, आणि तुम्ही ट्रान्झिस्टर मागताय? आहेत ते जपा. तपासणीला पेटी पूर्ण दिसली पाहिजे."

मी जपले. मुलांकडून आकृत्या काढून घेतल्या, निकामी तारांवर डाग देऊन घेतले. संच येतील, मग सगळ्यांना सारखं करता येईल, असं म्हणत राहिलो. शालन रोज विचारायची, "आज काढायची का पेटी?" मी म्हणायचो, दिवाळीनंतर.

जामखेडचा माणूस असून मी हे म्हणालो, याचा मला आजही राग येतो. दिवाळीनंतर आपल्याकडे वर्गात कोण उरतं? ऊसतोडीच्या गाड्या गेल्या आणि एकेचाळिसातले सतरा राहिले. शालन गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही. संच आले नाहीत. तपासणीचे साहेब पेटी बघून खूश झाले. देशावर, ऑफिसवर मी खूप चिडलो. पण सहा संच तर माझ्याच हातात होते.

काही वर्षांनी बदली होऊन राहात्याला आल्यावर पहिल्याच हंगामात साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर हाक आली, "सर, वळखलं का?" कडेवर मूल, हातात कोयता. शालन होती.

"आपली घंटा झाली का वो?"

"नाही गं. पेटी तशीच दिली मी पुढच्या सरांकडे."

ती मोठ्याने हसली. "म्हंजी मोडली तरी न्हाई!" मग कोपीसमोरच्या, तिच्या पाचटाच्या झोपडीपुढच्या, पाण्याच्या ड्रमवर तिने बोटांनी टकटक केलं, कान लावला. "उंद्या सकाळपुरतं हाय. असं वळखतो आमी."

इथे माझ्या घरावर टाकी आहे, कालव्याच्या पाण्याची. भरली की विकतचा बझर वाजतो आणि बायको ओरडते, "अहो, मोटर बंद करा!" कुणी गाव विचारलं तर मी अजून जामखेडच सांगतो. पण डोळ्यांसमोर आमचं घर येत नाही. तो ड्रम येतो, आणि हंगामापुरतं माझ्या दारापर्यंत आलेलं आपलं गाव येतं.

पुढच्या हंगामाआधी मी संपल्याची घंटा केली. दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. बादलीवर चार वेळा तपासली, चारही वेळा वाजली. घेऊन तळावर गेलो. कोप्या होत्या, माणसं जामखेडचीच होती. शालनची टोळी त्या वर्षी दुसऱ्याच कारखान्याला गेली होती. कोणत्या, ते कुणाला नक्की माहीत नव्हतं.

घंटा माझ्या कपाटात आहे. मोडलेली नाही.