डावीकडून आलेली माणसं

गुडघ्याच्या डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ताईचा डबा आला. माझी मोठी बहीण मुलुंड पूर्वेला एकटी राहते, आम्ही नवराबायको पश्चिमेला. तिच्याने आता स्वयंपाक होत नाही, म्हणून निवृत्त झाल्यापासून तिचा दुपारचा डबा मी नेऊन देतो. स्टेशनचा पूल चढायचा, उतरायचा, आणि तिच्याशी घटकाभर बोलून पुन्हा तेच. एवढ्याशा भाड्याला रिक्षावाले थांबतच नाहीत, नुसती मान हलवतात. माझी स्कूटर तर भंगारवाल्याकडे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"बॅटरीची सायकल घेऊ या," मी बायकोला म्हटलं. "पेडल आपण मारायचं, जोर मोटर लावते. रुळांवरच्या उड्डाणपुलाच्या चढावर दम लागायचा नाही. पेट्रोल नको, लायसन्सची भानगड नको."

"आणि पडलात तर?"

"सायकलवरून कोण पडतं गं?"

ती माझ्या डाव्या दंडाकडे बघत राहिली. तिथे एक काळानिळा डाग होता, दोन दिवसांपूर्वी कपाटाच्या उघड्या दाराचा लागलेला.

त्या वर्षी माझ्या डाव्या बाजूला सारखं काही ना काही लागत होतं. दाराची चौकट, बेसिनचा कोपरा, सोसायटीच्या गेटची कडी. एकदा ताईकडे चहाचा कप माझ्या डाव्या कोपराने खाली गेला, आणि तिने तो तिथे ठेवलाय हे मला फुटल्यावर कळलं. मी म्हटलं, वय झालं, धांदरटपणा वाढला.

पण खरी गंमत रस्त्यावर होती. तेव्हा मी तिला गंमतच म्हणायचो. मुलुंडच्या रस्त्यांवर माणसं उगवायला लागली होती. रस्ता मोकळा दिसायचा, मी पाऊल टाकायचो आणि पुढच्या क्षणी कुणीतरी माझ्या छातीशी असायचं. येताना दिसलेलं नसायचं, एकदम असायचंच. एका हातगाडीवाल्याने भर बाजारात मला "अंधे हो क्या?" म्हणून विचारलं. घरी येऊन मी त्याच्या नावाने खूप बडबडलो. लोकांना चालायची अक्कल राहिली नाही, कानात मोबाइल घालून फिरतात, वगैरे. बायको भाजी निवडत ऐकत होती. त्याच सुमारास कधीतरी तिने बाजू बदलली. आम्ही फिरायला निघालो की ती आयुष्यभर माझ्या उजवीकडून चालत आली होती. आता ती डावीकडून चालायची.

"आज इकडून कशी?" मी एकदा विचारलं.

"असंच," ती म्हणाली, आणि माझा दंड धरून मला एका खांबापासून बाजूला घेतलं.

सायकल बघायला आम्ही दोघं बरोबरच गेलो. पहिल्या दुकानात घडीची सायकल होती. स्वस्त होती, दिसायला झकास होती, पण चाकं लहान मुलांच्या सायकलीएवढी. आमच्याकडच्या खड्ड्यांत ती चाकं अडकून राहिली असती. शिवाय बॅटरी आत पक्की बसवलेली. चार्जिंगला अख्खी सायकल घरात न्यावी लागणार, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नको म्हणून मी वळलो आणि दुकानभर खडखडाट झाला. दाराजवळ हेल्मेटांचा एक स्टँड होता, तो माझ्या खांद्याने आडवा केला होता.

"होता है, अंकल," दुकानदार हसत म्हणाला. मीही हसलो. बायको वाकून हेल्मेटं गोळा करायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दुकानातल्या सायकलीला मोटरसायकलसारखी मूठ होती. पिळली की पेडल न मारताच गाडी पळते. पिळताक्षणी ती अशी उसळली की मी हँडल घट्ट आवळलं. तरी मी पुढे गेलो. समोर रस्ता स्वच्छ होता. आणि कुणीतरी किंचाळलं. मी दोन्ही ब्रेक आवळले. पुढचं चाक एका बाईच्या पिशवीला टेकून थांबलं. तिच्या पिशवीतली कोथिंबीर रस्त्यावर सांडली.

मी बोलायच्या आधी तीच बोलली. ती चिडली नव्हती, तिचा गोंधळ उडाला होता. "काका, मी फुटपाथवरून उतरले तेव्हा तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पण माझ्याकडेच बघत होतात. मला वाटलं, तुम्ही थांबताय."

मी तिच्याकडे बघत नव्हतो. ती तिथे नव्हतीच. तिथे फुटपाथ होता आणि गुलमोहराच्या झाडाची सावली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"ही मुठीची भानगड वाईट," मी बायकोला म्हटलं. "आपल्या वयाला पेडलचीच बरी."

"अहो, आपण आधी डोळे दाखवू या का?"

"चष्मा आत्ताच तर बदललाय. त्या बोर्डवरची शेवटची ओळ वाचली मी. रोज पेपर वाचतो ना?"

हे सगळं खरं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला ती रुसली आहे असं वाटत राहिलं.

तिसरं दुकान कारखान्यांच्या बाजूला, एका गल्लीच्या तोंडाशी होतं. तिथे मला हवी तशी सायकल मिळाली. दांडा खाली होता, पाय उचलून टाकायची गरज नाही, साडीतसुद्धा बसता येईल अशी. सीट उतरवली की दोन्ही तळवे जमिनीवर टेकत होते. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हायची. बॅटरी चावी लावून काढता यायची, म्हणजे एकटी बॅटरी वर नेऊन चार्ज करता आली असती. आणि पेन्शनीत बसणारी होती. दुकानदार म्हणाला, "बिघडली तर इथेच आणा, मी कुठे पळत नाही." मला एवढंच ऐकायचं होतं.

"एक चक्कर मारून बघा," तो म्हणाला.

बायको पुढे निघाली. "मी त्या कोपऱ्यावर उभी राहते," ती म्हणाली. "टेम्पो येतात तिकडून. काही आलं तर हात करीन." ती हळदीच्या रंगाची साडी नेसली होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

भर दुपार होती. ऊन इतकं लख्ख की पत्र्यांवरून डोळे दिपत होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पेडल मारलं आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून अलगद ढकलावं तशी सायकल निघाली. गुडघ्यातून कळ आली नाही. कितीतरी दिवसांनी तोंडावर वारा आला. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो आणि परत निघालो. तेव्हा मी खूश होतो. मनातल्या मनात ताईच्या दाराशी घंटी वाजवत होतो.

कोपरा जवळ आला. बायको तिथे नव्हती.

सावलीला गेली असेल, मला वाटलं. पाणी प्यायला दुकानात गेली असेल. समोर नुसती गल्ली होती, राखाडी भिंत होती, उन्हात तापलेला रस्ता होता. आणि तिचा आवाज आला, "थांबा! अहो, थांबा!" अगदी जवळून आला. मी समोर पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. ती कुठेच नव्हती. आवाज होता आणि माणूस नव्हतं. तो एक क्षण मला अजून स्वप्नात येतो.

मग हँडलला धक्का बसला आणि मी आडवा झालो.

ती माझ्या डावीकडे रस्त्यावर पडली होती. कोपऱ्यावरून टेम्पो वळत होता म्हणून मला थांबवायला ती दोन्ही हात वर करून रस्त्यात उतरली होती. टेम्पो कधीच थांबला होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरत होता. त्याला ती लांबून दिसली होती. तिने उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं होतं आणि माझ्याकडे बघत होती. लग्नानंतर इतकी वर्षं मुंबईत काढल्यावर तिच्या बोलण्यातून अकोला जवळजवळ पुसलं गेलं आहे. त्या वेळी ते परत आलं.

"मी दिसली नाई का तुमाले?" ती म्हणाली. "एवढी समोर उभी होती. दिसली नाई?"

मनगट मोडलं होतं. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालून घरी येताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे." मी मान हलवली.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, मला काका म्हणाल्या. त्यांनी आधी अक्षरं वाचायला लावली. मी सगळी वाचली आणि बायकोकडे बघितलं. मग त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे पांढऱ्या कटोरीसारखं एक यंत्र होतं. हनुवटी टेकवून आत मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं होतं. दिवा चमकला, मी दाबलं. पुन्हा चमकला, पुन्हा दाबलं. मग दिवे थांबले. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिलो. खोलीत यंत्राचा बारीक गुरगुराट तेवढा चालू होता. बराच वेळ काहीच झालं नाही.

"मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "नाही काका," त्या म्हणाल्या. "दिवे लागतायत. तुम्ही बघत राहा."

मी बघत राहिलो. माझ्या पाठीवरून घामाची एक धार खाली गेली.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. दुखत नाही, लाल होत नाही, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणूस पेपर वाचतो आणि त्याला कळत नाही. कडेची नजर आधी जाते. मी विचारलं, "मग तिथे काळोख का दिसत नाही? मला तर रस्ता दिसत होता."

"तुमचा मेंदू ती जागा भरून काढतो," त्या म्हणाल्या. "आजूबाजूला जे असेल तेच पसरून ठेवतो. भिंत असली तर भिंत, रस्ता असला तर रस्ता."

"म्हणजे मी बघत होतो तो रस्ता..."

"काही होता, काही नव्हता."

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं धरून ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं. थेंब लिहून दिले. सायकलचं मी विचारलं तेव्हा त्यांनी बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि नाही म्हणाल्या. मी तरी म्हटलं, "हळू चालवली तर?" त्यावर बायकोच म्हणाली, "अहो, पुरे."

ते आठवडे वाईट गेले. मला घराबाहेर पडायची भीती बसली. जिन्यातून उतरताना रिकामी दिसणारी प्रत्येक जागा मला खोटी वाटायची. सोसायटीच्या आवारात उभा राहून मी विचार करायचो, आत्ता इथे कोण उभं आहे? कोण माझ्याकडे बघून हसतंय आणि मी ओळख देत नाही म्हणून मनात काय म्हणतंय? ताईचा डबा शेजारची एक मुलगी कॉलेजला जाता जाता देऊन यायची.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी बायको म्हणाली, "चला, ती तिसऱ्या दुकानातली सायकल बघू."

"कशाला?"

"मला. डबा मी नेईन. गावाकडे शाळेत सायकलवरच जायची मी, माहितीये ना?"

मी नको म्हणालो. मनगटाचं कारण सांगितलं, उड्डाणपुलावरच्या बसचं सांगितलं. ती ऐकून घेत चप्पल घालत होती. दुकानात तिने माझ्यासारखी घाई केली नाही. ब्रेकचा दांडा पुन्हा पुन्हा दाबून बघितला, तो उजव्या हाताला जड जातोय म्हणून दुकानदाराकडून जवळ सरकवून घेतला. बॅटरी काढून उचलून बघितली आणि खाली ठेवली. "ही मला जिन्यावरून नेता येणार नाही," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो. "ती तुम्ही न्यायची," ती पुढे म्हणाली.

चक्कर मारायला ती निघाली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरून उतरलो नाही. ती गल्लीत शिरली, सरळ गेली, लहान होत गेली. मग वळून डावीकडे सरकली आणि माझ्यासाठी नाहीशी झाली. मान वळवली असती तर दिसली असती. मला मान वळवायचा धीर झाला नाही. दुकानदार म्हणाला, "वहिनी तर छान चालवतात," तेव्हा मी श्वास सोडला.

सायकल घेतली त्याला आता वर्ष होत आलं. रोज संध्याकाळी बॅटरी काढून मी वर आणतो, एक हात कठड्यावर ठेवून, पायरी पायाने चाचपत. रात्री बायको माझ्या डोळ्यांत थेंब घालते, ते झोंबतात. मधे पुन्हा त्या कटोरीत बघून आलो. डॉक्टर म्हणाल्या, "जवळजवळ तसंच आहे." जवळजवळ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. बायकोनेही विचारलं नाही. बाहेर आल्यावर तिने माझा दंड जरा घट्ट धरला.

दुपारी ती डबा घेऊन निघाली की मी फोन हातात धरून बसतो. माझं ताट वाढून ठेवलेलं असतं, त्याला मी हात लावत नाही. फोन वाजतो. मागे ताईचा आवाज असतो, डबा उघडल्याचा आवाज असतो.

"पोचले," ती म्हणते. "जेवा आता."